मागच्या खुर्चीपर्यंत पोचलेली गिटार

ज्या बाईने तुमच्या हातात वाद्य दिलं, तिलाच तुमचं वादन ऐकू येत नसेल, तर तुम्ही ते वाजवता कुणासाठी?

हरेश सरांनी मला हा प्रश्न विचारला होता. गेल्या महिन्यात सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला, "मामा गेला गं... झोपेतच," तेव्हा सर डोळ्यांपुढे उभे राहिले ते दोन्ही कानांत कापूस कोंबून. पनवेलच्या तळ्याजवळची त्यांची शिकवणीची खोली. सर भिंतीला टेकलेले, डोळे मिटलेले. समोर त्यांचीच गिटार मांडीवर घेऊन वैतागलेली मी. "सर, कापूस काढा ना!" "काय? ऐकू येत नाही. छान! वाजव पुढे."

कापूस आक्कासाठी होता, तिच्या कानांपर्यंत किती पोचेल ते कळावं म्हणून. हिराआक्का ही सरांची मोठी बहीण, राहणार मोरा, खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. आई लवकर गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं. रोज लाँचने मुंबईला मासळी विकायला जायची, आणि एकदा परत येताना लुगड्यात गुंडाळलेली गिटार घेऊन आली. नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवायची. हरेश ओट्यावर बसून तासन् तास तेच तेच तुकडे घासायचा आणि ती शेजारी मासळी साफ करत ऐकायची. पुढे सर पनवेलला आले, शेकडो मुलांना शिकवलं. आक्काचे कान मात्र हळूहळू गेले. कानाचं मशीन तिने डब्यात ठेवून दिलं. म्हणे, त्यात सगळा बाजार एकदम शिरतो. गेली कित्येक वर्षं तिला भावाची गिटार ऐकूच आली नव्हती.

यंदा मोऱ्याच्या मंडळाने देवळासमोरच्या पटांगणात सरांचा कार्यक्रम ठरवला. स्वतःच्या गावात पहिलाच. सरांना एकच ध्यास लागला. आक्काला ऐकू गेलं पाहिजे, आणि आक्का तर नेहमी बायकांबरोबर सगळ्यात मागे बसणार. मी मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेली मुलगी, मी पेटलेच. "मागे का म्हणून? तिला पहिल्या रांगेत बसवा! हा काय न्याय झाला?" सर हसले. "तू बसवून बघ. तोवर मी आवाजाचं बघतो."

त्यात पहिली चूक मीच केली. गिटारच्या तोंडात अडकवायचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारा तुकडा, मी मागवला, चांगला चकचकीत. लावला, स्पीकर चालू केला, तारा छेडल्या... काही नाही. तो चुंबकावर चालणारा, लोखंडी तारांसाठीचा. नायलॉन त्याच्या गावीही नव्हतं. सर म्हणाले, "बघ, हा आक्कापेक्षा बहिरा." मग माइक ठेवून पाहिला. आवाज सुंदर, पण मागे पोचेल इतका वाढवला की स्पीकर शिट्टी मारायचा. मग गिटारच्या पोटाच्या लाकडाला आतून चिकटवायची चकती आणली. तिचा आवाज इतका उबदार की मी जिथे होते तिथेच थांबले. "सर, हाच!" त्यांनी मान हलवली. आवाज वाढवला की ती घुमायला लागे आणि कापसाआडून सगळे सूर एकमेकांत कालवले जात. राहिली शेवटची वाट. तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली सरकवायचा बारीक पिकअप. त्याचा आवाज जरा कोरडा, पण एकेक सूर सुटा. सोबत एक छोटी डबी जोडली की टोचणारी धार कमी होई. फक्त त्यासाठी गिटारच्या बुडाला वायरचं भोक पाडावं लागणार होतं.

मी त्या दिवशी सरांशी भांडले. आक्काने आणलेल्या वाद्याला भोक? वाद्य आहे की स्विचबोर्ड? सोयीसाठी आवाजाची गोडी विकायची? तत्त्व, कला, तडजोड... होते नव्हते ते सगळे शब्द मी वापरले. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोड राहून तो माझ्या मांडीवरच मरणार असेल, तर त्या गोडीचं मी काय करू?"

भोक त्यांच्या चुलतभावाने पाडलं. गोरखदादा होड्यांचे सुतार. गिटार उलटी करून त्यांनी सरांकडे असं पाहिलं, जणू हा माणूस वेडा झालाय. "आवरी वर्सं भोकं बुजवली रं. पाडाया कोनी बोलावलं नव्हतं." सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. गोरखदादांनी मात्र एका दमात भोक पाडलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर आक्काचं नाव चिकटवलं. आक्का आली, कागद पाहिला, खुर्ची उचलली आणि सगळं पटांगण ओलांडून मागे घेऊन गेली. मी धावत गेले, जवळजवळ ओरडलेच, "आक्का, तुमचा मान आहे तो!" ती म्हणाली, "म्होरं बसून काय दिसनार पोरी? मागनं कोन आलं, कोन उठून गेलं, सगलं दिसतं." बायका हसल्या. मी तिच्या पायाशी बसले.

सर वाजवू लागले. खाडीवरून वारा होता, पण एकेक सूर मागे येत होता. आक्काचा चेहरा दगडासारखा. एकदाही मान हलली नाही. तिसऱ्या तुकड्यात सरांचं बोट कुठेतरी चुकलं. त्यांनी क्षणभर थांबून दुसऱ्याच वाटेने ते सावरलं, इतक्या सफाईने की पुढच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांची शिष्य, मलाही कळलं नाही.

संपल्यावर सर वाकून पाया पडले तेव्हा आक्का म्हणाली, "मधीच कुठं गेल्तास रं? वट्यावं बसून पन तिथंच चुकायचास."

सर तिथेच मातीत बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडू लागले... आक्काला काही समजेना. "मी काय वंगाल बोलले काय?"

त्यानंतर सर पाच आठवडे जगले. दर रविवारी मोऱ्याला जायचे.

परवा मी आक्काकडे गेले. सरांची गिटार आणि स्पीकर आता तिच्याकडेच असतात. तिने वायर नीट गुंडाळून ठेवली आहे आणि मला वाजवायला लावलं. मला तिच्या ओळखीचे दोनच तुकडे येतात. दोन्ही संपल्यावर ती वाट बघत राहिली.

म्हणून ही विनंती. नायलॉनच्या तारांची गिटार तुम्हाला येत असेल, थोडीशीसुद्धा, तर एखाद्या दुपारी मोऱ्याला जा. जेटीवर हिराआक्काचं घर कुणीही दाखवेल. दारातून मोठ्याने हाक मारा, स्पीकर चालू करा आणि वाजवा. ती मान डोलवणार नाही. तरीही पूर्ण वाजवा.