साहेबांसारखा ओरडला तो

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे मिरची म्हणत आणि तोंडावर ताई. तिला दोन्ही ठाऊक होतं. राग तिच्या नाकावर कायमचाच मुक्कामाला होता, पण तो हाताखालच्या माणसावर कधी निघायचा नाही, म्हणून तिच्या हाताखालच्या मुली तिच्यावर जीव टाकायच्या. वरच्यांचं मात्र तिच्याशी कधी जमलं नाही.

कंपनी आजारी माणसांच्या घरी नर्स पाठवायची. मिरची तिथे लागली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पुढे टेलिफोनचा बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले, आणि शिकत शिकत, भांडत भांडत ती हेल्पडेस्कची प्रमुख झाली. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचा लॅपटॉप रुसला, की फोन तिच्या माणसांकडे. मग अर्धं ऑफिस घरून काम करू लागलं आणि हेल्पडेस्क तर सगळंच. मिरचीने पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत इस्त्रीचं टेबल मांडलं आणि तिथून कारभार सुरू केला. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचा. घरी असला की दारातून डोकावून म्हणायचा, "अगं, हळू. शेजारच्यांना वाटतं, मलाच बोलतेस."

त्या मंगळवारी सकाळी तिने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर एकच मजकूर दिसला. तुमच्या सगळ्या फायली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, पैसे द्या आणि सोडवून घ्या. कोणत्या नर्सने कोणत्या घरी जायचं, कुणाला कोणतं इंजेक्शन, कुणाची जखम बांधायची, सगळं त्या फायलींत. नर्सेस घरून निघून रस्त्यावर उभ्या, आणि जायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

मिरचीने कपाळाला हात लावला नाही. सगळ्या मुलींना स्वतःच्या मोबाइलवरून नर्सेसना फोन करायला लावलं. "काल कुठे गेली होतीस? परवा? तुला आठवतं तेवढं सांग." आठवणीच्या बळावर दुपारपर्यंत बहुतेक घरं लागली. एक राहिलं. तिथला म्हातारा सकाळच्या इन्सुलिनची वाट बघत खुर्चीतच बसून राहिला आणि त्याच्या मुलीला त्याला इस्पितळात हलवावं लागलं. तो वाचला. पण ते ऐकल्यावर मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती कितीतरी दिवस उतरली नाही.

तपासाला आलेल्या तंत्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी वाट शोधून काढली. विक्रीप्रमुखांचा पासवर्ड सोमवारी फोनवरून बदलला गेला होता. आत शिरायचा कोड ज्यावर यायचा तो मोबाइल नंबरही बदलला होता. विक्रीसाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. बदलून दिला होता हेल्पडेस्कवरच्या सगळ्यात लहान मुलीने. तिला सगळे धाकटी म्हणत. नुकती बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली, स्वयंपाकघरातून काम करणारी.

मिरचीने तिला फोन लावला. पलीकडून आधी नुसते हुंदके.

"ताई, ते म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे ना? ग्राहकासमोर माझी अब्रू घालवतेस? नाव सांग तुझं! मांडीवर बाळ रडत होतं. मी दिला बदलून."

"आवाज साहेबांचाच होता?"

"आवाज नीटसा नाही आठवत, ताई. ओरडणं साहेबांचंच होतं."

फोन ठेवून मिरचीने इस्त्रीच्या टेबलावर अशी मूठ आपटली, की नवरा पळत आला.

गुरुवारी बैठक. निम्मी माणसं खोलीत, निम्मी भिंतीवरच्या पडद्यावर चौकटींत. मिरची मुद्दाम ऑफिसात गेली. टेबलाच्या टोकाला कंपनी काढणाऱ्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्या बोलायच्या आधीच विक्रीसाहेबांनी सुरुवात केली.

"माझ्या नावावर एवढा मोठा धुडगूस झाला. घरी बसून पोर सांभाळायचं आणि जमलं तर नोकरी करायची, त्याचं हे फळ. त्या मुलीला आज संध्याकाळपर्यंत काढा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मिरची म्हणाली.

"काय म्हणालात?"

"ऐकलंत तेच. मागे तुम्ही विमानतळावरून तिलाच फोन केला होता. पासवर्ड पाहिजे म्हणून. ती म्हणाली, सर, नियम आहे, फोन ठेवा, आमच्याकडे तुमचा जो नंबर आहे त्यावर मी उलट फोन करते. तुम्ही काय केलंत?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"तुम्ही तिला मूर्ख म्हणालात. मग मला फोन करून विचारलंत, तिथे दगड बसवलाय का? आणि मग तिला लेखी समज मिळाली. नियम पाळला म्हणून! मी तेव्हाही भांडले, कुणी ऐकलं नाही. आता सांगा, पुन्हा तसाच फोन आल्यावर त्या पोरीने काय करायचं होतं?"

"आवाज खाली करा, बाई."

"नाही करणार! तुमचा चालतो तर माझाही चालेल. त्या चोराने काहीही फोडलं नाही, साहेब. तो फक्त तुमच्यासारखा ओरडला. या कंपनीत ओरडलं की दार उघडतं, एवढं त्याला कळलं होतं. बाकी त्याला काही यायची गरजच नव्हती. तिकडे एक म्हातारा जिवानिशी जाता जाता राहिला, आणि तुम्हाला स्वतःच्या नावाची पडलीय!"

भिंतीवरच्या एका चौकटीत कुणीतरी घाईघाईने कॅमेरा बंद केला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ती समज कुणी दिली?"

मनुष्यबळ विभागाचा माणूस टेबलाकडे बघत म्हणाला, "साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"म्हणजे तुमच्यावरही ओरडले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समज रद्द झाली. धाकटी राहिली. मग त्यांनी मिरचीला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"फोनवर कुणालाही पासवर्ड मिळणार नाही. उलट फोन करायचा, कॅमेऱ्यावर चेहरा बघायचा, त्याच्या वरिष्ठाला विचारायचं, तेव्हा मिळेल. आणि जो ओरडेल त्याचा फोन तिथल्या तिथे बंद. मग तो कुणीही असो."

"मीसुद्धा?"

"तुमच्यापासूनच सुरुवात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मान डोलावून म्हणाल्या, "लागू करा."

संध्याकाळी मिरची इस्पितळात गेली. म्हाताऱ्याच्या मुलीने तिला वॉर्डाबाहेरच गाठलं आणि जी सुनवायला सुरुवात केली, ती थांबायचं नावच घेईना. मिरचीच्या जिभेवर एरवी उत्तर तयार असायचं. तिथे ती भिंतीला टेकून सगळं ऐकत राहिली. हा राग खरा होता आणि योग्य दारी आला होता. बाईचं बोलून झाल्यावर मिरची फक्त म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." त्या मुलीने वडिलांसाठी दुसऱ्या कंपनीची नर्स लावली.

फायली हळूहळू परत उभ्या राहिल्या. काही कायमच्याच गेल्या. विक्रीसाहेबांना कुणी काही केलं नाही, आणि हे मिरचीच्या घशाखाली कधी उतरलं नाही. ती आपल्या कामाला लागली. इस्त्रीच्या टेबलावरून, अनोळखी नंबरांवरून ती स्वतःच आपल्या मुलींना फोन करायची आणि साहेब होऊन गुरकावायची, "नाव सांग तुझं! उद्यापासून येऊ नकोस!" सुरुवातीला मुली चाचरायच्या. मग एकजण म्हणाली, "येणारच आहे," आणि तिने फोन बंद केला. मिरची इतकी खूश झाली, की तिने नवऱ्याला हाक मारून ते दोनदा सांगितलं.

धाकटी मात्र टिकली नाही. काही महिन्यांनी तिने राजीनामा दिला. "तुमच्यावर राग नाही, ताई. पण आता घरचा फोन वाजला तरी उचलवत नाही."

त्याच आठवड्यात लिफ्टपाशी विक्रीसाहेब भेटले. हसून म्हणाले, "जाऊ द्या हो, झालं गेलं विसरून जाऊ."

"झालं ते एकवेळ विसरेन," मिरची म्हणाली. "गेली ती माझी मुलगी होती." आणि लिफ्टचं दार उघडलेलं असताना ती जिन्याकडे वळली.