पडद्यावर जगलेली धाकटी

गोष्टीत मेलेलं लेकरू पडद्यावर जिवंत केलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल का? आम्ही वाजवल्या.

सोनपेठच्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की खिडक्यांना सतरंज्या लावून भिंतीवर पिक्चर लावतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या कादंबऱ्यांवरचे. उपाशी पोरं, अनाथालयं, मुकादम. आमच्या बायाबापड्यांना त्यात परकं काही वाटत नाही. भाषा तेवढी इंग्रजी, म्हणून नागनाथमामा भिंतीशेजारी उभे राहून मराठीत सांगतात. मामांनी हयातभर रिक्षातून जाहिराती पुकारल्या. त्यांना माईक लागत नाही. इंग्रजी बेताचंच, पण वाचनालयातून कादंबरीचा मराठी अनुवाद आणून आठवडाभर वाचतात.

त्या रविवारी दोन अनाथ बहिणींची गोष्ट होती. धाकटी डोळे मिटून पडली आणि मामांनी सांगितलं, तापानं गेली. बाया रडल्या.

आणि शेवटच्या सीनमध्ये धाकटी टेबलाशी बसलेली!

"मामा, तुमी मारलेली पोरगी तर केक खायलीय की!" पोरांच्या घोळक्यातली साक्षी ओरडली. अख्खा विहार टाळ्या वाजवून हसला.

पिक्चर मीच आणला होता, पाकिटावरचं 'सहकुटुंब पाहा' एवढंच वाचून.

मामांनी फाडकन लॅपटॉप मिटला. "पुस्तकात मेलीय ती! खोटं दाखवायलेत."

"अहो, असू द्या की," त्यांच्या बायको, कुसुमबाई, पुढून म्हणाल्या. "तिथं तरी जगली."

"वसतिगृहवाल्यांनी बी असंच लिवलं न्हाई का, कुसुम?"

बारा वर्षांपूर्वी मामा-कुसुमबाईंची लेक माधवी जिल्ह्यातल्या एका वसतिगृहात होती, सातवीला. तापानं फणफणलेली पोर वसतिगृहवाल्यांनी एकटीच एसटीत बसवून दिली. घरी पोचली आणि दुसऱ्या दिवशी गेली. रजिस्टरात काय? 'प्रकृती उत्तम. स्वखुशीने घरी गेली.' चौकशीत तेच खरं ठरलं. कचेरीतल्या टेबलांवर आपटून माझे हात सुजले, रजिस्टर हललं नाही.

आता मामा विहारात येत नाहीत. कुसुमबाई येतात. हळूच विचारतात, "भाऊ, ते पिक्चर हाय का? नुसतं शेवटचं लावा." मला नाही म्हणवत नाही, आणि लावायला हात धजत नाही.

माधवीच्या खोलीत आणखी आठ मुली होत्या. तुम्ही त्यांच्यातली एक असाल तर आता स्वतः आई झाला असाल. वसतिगृहवाल्यांचं मी बघून घेतो. तुम्ही फक्त सोनपेठला या, आणि माधवीला ताप होता एवढं मामांच्या समोर बसून सांगा.