गोणपाटाखालचा गॅस

आमच्या इंग्रजीच्या सरांची आठवण निघाली की आजही माझं तोंड कडू होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या आमच्या कॉलेजात परदेशातून काही मुलं-मुली एका सत्रासाठी शिकायला आली होती. दर रविवारी सर त्यांना फिरवायचे. पंचवटी झाली, त्र्यंबक झालं, द्राक्षांचे मळे झाले. मग सरांच्या डोक्यात आलं, आता यांना खरंखुरं घर दाखवायचं. भर वर्गात त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी एकलहऱ्याहून यायची, वडील तिथल्या वीज केंद्रात कोळसा उतरवायला. सरांच्या हिशेबी आमच्याएवढं खरं घर दुसरं कुठलं असणार!

आईला सांगितलं तर तिचा आनंद पोटात मावेना. खरं तर पाहुण्यांपेक्षा तिला गॅसचं अप्रूप जास्त. वर्षानुवर्षं नंबर लावून अखेर त्याच महिन्यात आमच्याकडे गॅस आला होता. धुरानं तिच्या डोळ्यांची पार वाट लागली होती. सदा लाल, सदा पाणी. शेगडीला तिनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चूल थंड करून तिच्यावर पाण्याचा हंडा ठेवून दिला. "आता फुंकणी हातात धरायची नाय," असं गल्लीभर सांगून आली. पाहुण्यांसमोर लायटरनं एका झटक्यात गॅस पेटवायचा आणि शिरा करायचा, एवढीच तिची हौस होती.

रविवारी मिनीबस द्वारका चौकातून वळून आमच्या दारात आली. सर मुलांच्या आधीच आत शिरले. बूट घालून थेट स्वयंपाकघरात! गॅस बघताच त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"अहो मावशी, हे काय? शेगड्या यांच्या देशात ढिगानं आहेत. यांना चूल बघायचीय. झाका ते आधी."

"नवी हाय हो सर. पूजा केली हाय तिची," आई म्हणाली.

ऐकतो कोण! दारामागचं कोळशाचं गोणपाट उचलून या सद्गृहस्थानं त्या हळदकुंकवावर टाकलं. काळी भुकटी सगळ्या ओट्यावर पसरली. मला अशी शिसारी आली की काय सांगू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला. "पाव्हणे दारात हायेत. गप."

हंडा खाली उतरला. लाकडं ओलसर होती, खोली धुरानं भरली. मुलं आत आली ती खोकतच. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! सर मात्र हात चोळत, मान तिरकी करून लाडंलाडं इंग्रजी झाडत होते. म्हणे, आमच्या बायकांना धुराची सवयच असते, गॅसवरचं त्यांना आवडत नाही. सवय! थू तुमच्या जिभेवर! तिकडे आई फुंकत होती आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. "मावशी, अजून एकदा फुंका बरं, फोटो काढायचाय." आईनं पुन्हा फुंकलं. शिरा चुलीवर झाला. सरांनी तो दोनदा मागून घेतला आणि बोटं चाटली.

मायदेशी गेल्यावर त्यातल्या एका मुलीनं फोटो पाठवला, चांगला मोठा. मला तो फाडून टाकायचा होता, पण आईनं माझ्या हातून ओढून घेतला. खिडकीशी जाऊन, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बराच वेळ बघत राहिली. फोटोत ती फुंकणी धरून बसली होती, गाल ओले. तिच्या पाठीमागे ओट्यावर काळपट काहीतरी दिसत होतं.

तो फोटो तिनं चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला. कुणीही घरी आलं की त्याला हाताला धरून तिथं न्यायची, त्या काळपट ढिगावर बोट ठेवायची आणि सांगायची, "ह्या गोणपाटाखाली आमचा गॅस हाय."