बोहनीआधीचं तोंड

दिवस वाईट गेला की लोक म्हणतात, आज सकाळी कुणाचं तोंड पाहिलं होतं कुणास ठाऊक. नव्वदच्या दशकात वारंगा फाट्यावर काही महिने असे गेले की हे कोडं कुणाला पडतच नव्हतं. तोंड माझं होतं.

माझ्याकडे पेपरची एजन्सी होती. आमचं गाव फाट्यापासून सायकलनं वीस मिनिटांवर. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं गठ्ठा यायचा, कंडक्टर तो खाली द्यायचा आणि मी उजाडता उजाडता फाट्यावरची दुकानं उरकून पुढे दोन गावांना जायचो. एकूण बासष्ट पेपर, त्यातले एकोणीस फाट्यावरचे. मी पोचायचो तेव्हा कुणी कुलूप काढत असे, कुणी झाडत असे, कुणी उदबत्ती लावत असे. गिऱ्हाईक यायच्या आधी समोर मी उभा.

सुरुवात हॉटेलवाल्यापासून झाली. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चहा आणि भजी. माणूस माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा आणि स्वभावानं भला, पण बोहनीच्या बाबतीत कडक. दिवसाची पहिली विक्री रोखीनं आणि हसतमुखानं झाली पाहिजे, नाहीतर पुढचा दिवस हातचा गेला, असं तो मानायचा. बोहनीआधी कुणी शिंकलेलंही त्याला चालत नसे. त्या उन्हाळ्यात एकदा त्याचं दूध नासलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा नासलं. मग भज्यांच्या कढईचा कान तुटून तेल सांडलं. तो मागे आठवत गेला आणि तिन्ही दिवशी सगळ्यात आधी मीच आलो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्यानं मला ते रागानं सांगितलं नाही. मी म्हणालो, मी तर रोजच येतो. जे दिवस चांगले गेले तेही माझ्याच तोंडानं सुरू झाले. ते धरले तर वाईट दिवस दहात एकही निघत नाही. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"हिशोब बराबर हाय तुमचा," तो म्हणाला. "पण हिशोबानं दूध परत येत न्हाई. बोहनी झाल्यावर येत जा."

त्याची बोहनी व्हायला कधी सात वाजत, कधी आठ. तोवर थांबलो तर पुढच्या दोन गावांना पेपर दहाला पोचणार, आणि दहा वाजता पोचलेला पेपर म्हणजे रद्दीच. त्यात हॉटेलातलं बोलणं हॉटेलात राहत नाही. आठवडाभरात किराणावाला मला पाहून देवाच्या फोटोकडे वळू लागला. दोघांनी पेपर बंद केला, कारण काही सांगितलं नाही. एकोणिसाचे सतरा झाले. हे असंच चाललं तर फाटा हातातून जाणार आणि फाट्याशिवाय एजन्सी परवडत नव्हती. पुढचं गणित करायला कागदाची गरज नव्हती.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती लोकांना नावं ठेवेल. ती तवा उतरवत होती, तो उतरवून झाल्यावर म्हणाली, "तुमी घरातून निघतानाच नुकसान धरून निघता. गाडी लेट येईल, गठ्ठा भिजला असंल, अमका पेपर बंद करंल. समदं तोंडावर दिसतं. मी रोज बघून राहिले. त्यांनी आता बघितलं."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. उठल्याबरोबर दिवसातलं संभाव्य नुकसान वजा करून टाकायचं, म्हणजे संध्याकाळी जे हाती येईल ते वरकड, अशी माझी पद्धत होती. त्या पद्धतीला मी सावधपणा समजत होतो. ही वजाबाकी दुसऱ्यांना सकाळी सकाळी बघावी लागते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तोंड बदलता येत नाही. पण निघताना डोक्यात काय असावं, हे ठरवता येतं का ते पाहायचं मी ठरवलं. एसटी गेल्यावर पुरवण्या लावायला मला थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात पेपर चाळून प्रत्येक दुकानाच्या उपयोगाची एक चांगली बातमी शोधायची आणि पेपर देताना ती सांगायची. बातमी खरी पाहिजे आणि पुढाऱ्यांची नको, एवढे नियम मी स्वतःला घालून घेतले.

पहिल्या दिवशी पंक्चरवाल्याला मी सांगितलं की बाळापूरकडच्या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झालं. तो पंपावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"पेपरवाले," तो म्हणाला, "ये अच्छी खबर हय या मेरे पेट पे लात?"

तेव्हापासून बातमी कुणाला सांगायची, याचा मी आधी विचार करू लागलो.

हॉटेलवाल्याचा प्रश्न वेगळा होता. त्याच्यासमोर जायचं नव्हतं आणि उशीरही करायचा नव्हता. मी रस्त्याच्या कडेलाच थांबलो, त्याच्याकडे पाठ केली, मागच्या दगडावर पेपर ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो की शेंगदाणा तेल उतरलं.

"पाठ काहून केली?" त्यानं विचारलं.

तोंड नको असं तुम्हीच म्हणालात, असं मी सांगितलं.

"आवाजाची काही तकलीफ न्हाई," तो म्हणाला.

हा रिवाज मग बरेच महिने चालला. नवखे ट्रकवाले विचारायचे की तुमचं भांडण कशावरून झालं. भांडण नव्हतंच. मी पाठमोरा सांगायचो, तो मागून प्रश्न विचारायचा, मी पाठमोराच उत्तर द्यायचो. एक फरक मात्र मला जाणवला. चांगली बातमी शोधायची तर ती असेल असं धरून पेपर उघडावा लागतो. हळूहळू ते धरणं घरून निघतानाच सुरू झालं. मी बदललो असं म्हणणार नाही. नुकसानीचा अंदाज मी अजूनही करतो, फक्त दुपारी करतो. बंद केलेल्या दोघांपैकी एकानं पेपर पुन्हा चालू केला.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन नांदेडला ठरलं. आदल्या रात्री तिची बहीण सोबतीला होती, मीही तिथेच होतो. बायको म्हणाली, "सकाळी पेपर चुकवू नका. एक दिवस तुमी दिसले न्हाईत अन् दूध न्हाई नासलं, तर त्यांची खात्रीच पटंल." ऑपरेशन दुपारी होतं. मी गठ्ठ्याच्याच एसटीनं, गठ्ठा शेजारी ठेवून फाट्याकडे निघालो. गाडीतल्या दिव्याखाली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचला. सांगावी अशी एकही बातमी सापडली नाही. पुढे काही दिवसांनी तोच अंक मी पुन्हा पाहिला. सांगण्यासारख्या चार बातम्या होत्या, त्यातली एक तर ठळक मथळ्याची.

हॉटेलासमोर दगडावर पेपर ठेवला, पाठ करून उभा राहिलो आणि बोललो नाही. मागे झाडू थांबला.

"आज काय हाय?"

"आज सापडलं न्हाई."

"एवढ्या मोठ्या पेपरात?"

मी दवाखान्याचं सांगितलं, तसंच रस्त्याकडे बघत. मागे चपला वाजल्या. तो ओट्यावरून उतरला आणि वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दूध नुकतंच चुलीवर चढलेलं होतं, बाकडी रिकामी होती. बोहनी व्हायची होती. त्यानं माझं तोंड नीट पाहून घेतलं.

"बसा," तो म्हणाला. "आजची बोहनी तुमच्या हातची."

मी चहा घेतला. पैसे पुढे केले ते त्यानं आढेवेढे न घेता घेतले, कपाळाला लावले आणि गल्ल्यात टाकले. बोहनी फुकट होत नसते. मग फाट्यावर ठेवून गेलेली सायकल काढून मी राहिलेली दुकानं आणि दोन्ही गावं केली आणि अकराच्या गाडीनं नांदेडला गेलो. ऑपरेशन नीट झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठ्याच्या गाडीनं फाट्यावर आलो तेव्हा कसं उभं राहायचं, हा प्रश्न पडला. तो ओट्यावरच होता. मी समोर तोंड करून गेलो आणि पेपर हातात दिला. ऑपरेशनची बातमी मी आधी सांगितली, ती पेपरातली नव्हती. मग विचारलं, कालचा दिवस कसा गेला.

"दुपारून दूध नासलं," तो म्हणाला.

मी उरलेले पेपर काखेत मारले. त्यानं पेपर झटकून उघडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऊनच तसं पडून राहिलंय."