खोक्याच्या घडीतलं कुंकू

ती केस आठवली की तपासाआधी मला माझी घाई आठवते, आणि आजही स्वतःचा राग येतो.

मी तेव्हा बुलढाण्यात ठाणेदार होतो. एका सकाळी संगणक आणि प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीचे एक अधिकारी ठाण्यात आले. बाजारातल्या एका दुकानात त्यांच्या नावाने बनावट शाई विकली जाते, अशी त्यांना खबर होती. तक्रार देता देता त्यांनी कंपनीचा इतिहासच सुरू केला. पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटरच्या रिबिनी बनवल्या, मग संगणक, मग प्रिंटर. "प्रिंटर आम्ही जवळजवळ तोट्यातच विकतो. धंदा चालतो तो शाईच्या कार्ट्रिजवर," ते म्हणाले.

"म्हंजे म्हैस सस्ती अन् तिची ढेप-पेंड महाग!" आमचे हवालदार बोलून गेले. साहेबांना ते काही रुचलं नाही.

दुकान उंद्री गावच्या एका तरुण बाईचं होतं. अनेक वर्षं प्रिंटर दुरुस्त करून तिने या कंपनीची एजन्सी मिळवली होती. साहेबांनी बनावट म्हणून दाखवलेली कार्ट्रिजची तीन खोकी आम्ही पंचांसमक्ष जप्त केली, भर बाजारात शटरला सील ठोकलं आणि तिला ठाण्यात आणलं. बघ्यांना काय, फुकटचा तमाशा.

"साहेब, एजंटनं माल देल्ला तसाच ठेवला. वरचं प्लास्टिकबी काढलं नाही," ती ठामपणे सांगत होती.

घाऊक विक्रेत्याच्या त्या एजंटला बोलावलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड जीभ. "आम्ही अस्सलच माल देतो. बाईंनी आत काय भरलं, मला काय माहीत?"

कंपनीचे साहेब घाईला आले होते. "हिला अटक करा. एजन्सी मी आजच रद्द करतो."

इतका वेळ न डगमगलेली ती बाई तेव्हा रडली. "एजन्सी गेली तं मी चोर नव्हती हे कोण मानंल, साहेब?"

खरं सांगतो, मी अटकेचा कागद पुढे ओढला होता. रडणारे रोजच दिसतात, मन निबर होतं. तेवढ्यात मुद्देमालाचं वर्णन लिहिणाऱ्या हवालदारांनी एक खोकं खालून उलगडलं. तळाच्या घडीत लाल-पिवळी पूड अडकली होती.

"साहेब, हे तं हळदी-कुंकू हाय!"

"दुकानात पूजा करता?" मी तिला दरडावून विचारलं.

"आमच्या घरी बुद्धवंदना होते, साहेब. दुकानात कुंकू येईन कुठून?"

दुकानात बुद्धाची तसबीर मी स्वतः पाहिली होती. आणि कंपनी काही कुंकू लावून माल पाठवत नाही. म्हणजे हे खोकं आधी कुठेतरी पूजेला बसलं होतं, आणि नंतर त्याच्यावर नवं प्लास्टिक चढलं होतं. मी कागद बाजूला सारला.

आपल्याकडे खंडेनवमीला कचेऱ्यांत यंत्रांची पूजा होते. एजंटकडे ज्या कचेऱ्यांच्या प्रिंटरची देखभाल होती, तिथे हवालदारांना पाठवलं. तिसऱ्या कचेरीत एक म्हातारा शिपाई भेटला.

"हाव, म्याच लावतो कुंकू. प्रिंटरले लावतो, शाईच्या खोक्यायलेबी लावतो. त्यायले काऊन सोडाचं?"

"रिकामी खोकी कुठं जातात?" हवालदारांनी विचारलं.

"एजंट नेते. म्हणे कंपनीले वापस द्या लागते."

हवालदारांनी ठाण्यात येऊन हे सांगताच कंपनीचे साहेब उसळले. "आम्ही रिकामी खोकी कधीच मागवत नाही!"

एजंटसमोर मी ते खोकं उलगडून ठेवलं आणि शिपायाचा जबाब वाचून दाखवला. त्याने पाणी मागितलं आणि मग सगळं ओकला. हिवरा आश्रम गावाच्या रस्त्यावर त्याची खोली होती. तिथे सुट्या शाईचे कॅन, जुनी कार्ट्रिज आणि प्लास्टिक चढवायचं मशीन सापडलं. कंपनीच्या साहेबांनी तिची एजन्सी कायम असल्याचं लेखी दिलं.

मी तिला म्हणालो, "ताई, माझी चूक झाली. किल्ली घ्या, आता जा निवांत."

ती उठली नाही. "साहेब, सील तुमी बजारात लावलं. माफी मात्र इथं, चार भिंतीत?"

बाई खरं बोलत होती. दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी मी वर्दीत गेलो, स्वतःच्या हाताने सील काढलं आणि शेजारच्या दुकानदारांना मोठ्याने सांगितलं, "हिचा काही दोष नव्हता. चुकलं ते पोलिसांचं." आरोपी पकडल्यावर केस संपते, असं मी नोकरीभर समजत होतो. निर्दोष माणसाची अब्रू जिथून नेली तिथेच परत नेऊन ठेवणं हाही तपासाचाच भाग आहे, हे त्या दिवशी कळलं. तिने शटर वर केलं, मला बसायला स्टूल दिलं आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला माझ्यादेखत म्हणाली, "या, पोलिसायनं तपासलेला माल हाय!"