फ्यूज परत कोणी बसवला?

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. अर्धा राग लोकांवरचा आहे, उरलेला स्वतःवरचा.

बेव्हर्ली पार्क वसाहतीजवळच्या एका गॅरेजमध्ये भर दुपारी गाडीनं पेट घेतला. मेकॅनिक भाजला, त्याला इस्पितळात हलवलं. पंचनामा करून आम्ही पोलीस ठाण्यात परततो तोच निनावी फोन आला. "बाजूच्या गॅरेजवाल्यानं पेट्रोल टाकून पेटवलंय. कालच भांडत होते दोघं." शटरसमोर गाड्या लावण्यावरून भांडण झालं होतं, हे खरं निघालं.

हा बाजूचा गॅरेजवाला चेणे गावचा, पन्नाशीचा माणूस. त्याचे दोन्ही हात भाजलेले होते. मला वाटलं, झालं, पुरावा आयताच चालत आला.

"मी न्हाय पेटवली सायेब, मी इझवली."

"सगळे असंच सांगतात," मी दरडावलं.

दोन दिवस मी त्याला सकाळी चौकशीला बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. जाळपोळीचा गुन्हा त्याच्यावर दाखल करायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मेकॅनिकचा जबाब घेतला. काम गाडीच्या मागच्या बाजूचा पेट्रोल फिल्टर बदलायचं होतं. इंजिन बंद केलं तरी पाइपात पेट्रोल दाबाखाली राहतं. तो दाब उतरवायला त्यानं पंपाचा फ्यूज काढून डॅशबोर्डवर ठेवला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं.

"मग बॅटरीची वायर काढतो मी. पण गाडीवाला बोलला, नको, गाण्यांचं सेटिंग जातं. म्हटलं, राहू दे."

तो चहा पिऊन आला, पाइप सैल केला, आणि पेट्रोलचा फवारा थेट हातदिव्याच्या तापलेल्या बल्बवर उडाला. दाब तर उतरवला होता, मग फवारा आला कुठून? मी तडक गाडीकडे गेलो. जळाला होता तो मागचा भाग. पुढची फ्यूजपेटी शाबूत होती आणि पंपाचा फ्यूज आपल्या जागेवर होता!

गाडीवाला पूनम सागर सोसायटीत राहणारा, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. त्याला बोलावलं.

"फ्यूज कोणी बसवला?"

"मीच. एसी लावून बसणार होतो, तर गाडी सुरूच होईना. समोर फ्यूज दिसला, म्हटलं निघाला असेल. बसवला, लगेच सुरू झाली. मग ऑफिसचा कॉल आला म्हणून बंद करून बाहेर गेलो."

"मेकॅनिकला सांगितलं?"

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? उलट मी मदतच केली ना, साहेब!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्या वेळात पंपानं पाइपात पुन्हा दाब भरला होता. शेजारचा माणूस दोन दिवस ठाण्यात बसलाय हे या गृहस्थाला ठाऊक होतं. आग कोणी विझवली, हेही त्यानं पाहिलं होतं. मग बोलला का नाही? तर म्हणे, "मला कोणी विचारलंच नाही."

आणि हे खरं होतं. आग कोणी लावली हे मी अख्ख्या गल्लीला विचारलं होतं. विझवली कोणी, हा प्रश्न एकालाही केला नव्हता.

चेण्याच्या त्या माणसाला बोलावून मी माफी मागितली. त्यानं पट्ट्या बांधलेले हात जोडले आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, पुढच्या येली आग लागली तर इझवायला जाऊ का न्हाय, तेवढं सांगून ठेवा."