चित्रं तिची, आवाज आईचा

जुन्नरच्या एका शाळेत मी संगणक शिकवतो. ज्या खेळाची ही गोष्ट आहे तो मी आणि आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम, अशा दोघांनी मिळून केला. मॅडम शिनोलीच्या. लग्न केलं नव्हतं. घरी आई, भाऊ, भावजय आणि भावाचा एकुलता एक मुलगा. रोज एसटीनं जुन्नरला यायच्या, खांद्याला कापडी पिशवी आणि बोटांना कायम कसला तरी रंग.

तो मुलगा एका संध्याकाळी उसाच्या कडेच्या वाटेनं घरी येत होता. वाटेत त्याला बिबट्यानं ओढून नेलं. आमच्या भागात अशी बातमी येते तेव्हा कुणी ‘कसं झालं?’ असं विचारत नाही. ‘कुठं झालं?’ एवढंच विचारतात.

मॅडम परत शाळेत आल्या त्या दिवशी मी त्यांच्या वर्गावरून चाललो होतो. फळा कोरा होता. त्या मुलांना विचारत होत्या, “घरी जाताना वाटेत ऊस कुणाकुणाला लागतो?” जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर गेले. त्यांनी ते हात एकेक करून मोजले. मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, “सर, वाटेनं कसं जायचं हे शिकवणारा खेळ करता येईल का? मोबाइलवर चालंल असा. पत्रकं वाटून झाली, पोरं त्याची विमानं करतात.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

खेळ अगदी साधा होता. एक मूल शाळेतून घरी निघतं. दोन्ही बाजूंनी ऊस. लांबून आईची हाक येते, तिला ओ देत देत चालायचं. गप्प राहिलं, खाली वाकलं, एकटंच पळत सुटलं की पाचटात काहीतरी हलतं. बरोबरच्या मुलांना थांबवून घेतलं, मोठ्यानं बोलत राहिलं की घर जवळ येतं. वाघाला, आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात, मारायची सोय खेळात नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलांनी काठी तरी द्या म्हणून हट्ट धरला होता. मॅडमनी ऐकलं नाही. “त्याला हरवायचं नाहीये, आपल्याला घरी पोचायचंय,” म्हणाल्या.

कोड मी लिहिला. चित्रं त्यांनी काढली, कागदावर, जलरंगात, आणि मग मी ती स्कॅन केली. त्यांच्या उसाला वारा लागलेला दिसायचा. हाका त्यांच्या आईच्या होत्या, मी त्यांना मावशी म्हणतो. शिनोलीच्या अंगणात उभ्या राहून मावशींनी मोबाइलमध्ये हाका मारल्या होत्या, “ये रं बाळा, घरला ये! बोलत ये!” पहिल्या खेपेला त्यांचा आवाज फुटला नाही. दुसऱ्या खेपेला असा निघाला की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली.

खेळ तयार झाल्यावर मी तो कोडसकट इंटरनेटवर ठेवायचं ठरवलं, म्हणजे कुणालाही उघडून बघता येईल, बदलता येईल, आपल्या भाषेत नेता येईल. असं ठेवताना सोबत लायसन लावावं लागतं. घेणाऱ्यानं काय करावं आणि काय करू नये, ते त्यात लिहिलेलं असतं. इथं आमचं पहिल्यांदा जुळेना.

मला सगळं मोकळं लायसन हवं होतं. घ्या, बदला, विकायचं तर विका, फक्त आमची नावं काढू नका. मॅडम म्हणाल्या, “विकायचं नाही. बाकी काहीही करू दे.”

मी स्टाफरूममध्ये त्यांना समजावत बसलो. ‘विकायचं नाही’ लिहिलं की जाणकार लोक त्याला ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना मोकळं, म्हणतच नाहीत. शिवाय धंदा कशाला म्हणायचं हे कुणालाच नीट ठरवता येत नाही. फी घेणाऱ्या क्लासनं वापरला तर? एखाद्या छोट्या कंपनीनं आपल्या यंत्रात घातला तर? भीतीपोटी चांगली माणसंही हात लावणार नाहीत, आणि ज्याला चोरायचाय तो लायसन वाचतच नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. त्यांच्या दारातला, त्या संध्याकाळचा व्हिडिओ होता. गर्दीतल्या कुणीतरी काढलेला, कुठल्याशा चॅनेलनं उचललेला. सुरू व्हायच्या आधी साबणाची जाहिरात लागली. मग त्यांची भावजय रडताना दिसली. मध्येच पुन्हा जाहिरात.

“हे कुणीतरी विकलंच ना, सर?” त्या म्हणाल्या. “आमच्या दारातलं रडणं. आता त्याच वाटेची चित्रं मी काढलीत. याच्यावर कुणी पैसा करायचा नाही. एवढं एक माझं ऐका.”

मी वाद थांबवला. माझं मत बदललं नव्हतं. खेळ ‘विकण्यास मनाई’ या अटीसह गेला. आमच्या आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांच्या मोबाइलवर फिरला. एका बाईंनी तो गुजरातीत नेला. मॅडम खूष होत्या. उंच वाढलेल्या उसातल्या एका गावाचं नवं चित्र त्यांनी खेळासाठी काढायला घेतलं होतं.

ते अर्धंच राहिलं. दिवाळीनंतर त्यांना कावीळ झाली. ती लिव्हरवर गेली. पुण्याला हलवलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे डोळे पिवळे झाले होते आणि बोटं पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होती. खेळाचं काही बोलणं झालं नाही. त्यांनी मुलांच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं विचारलं, मी सांगितलं. त्यानंतर त्या घरी आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मला एका माणसाचा फोन आला. चार-सहा जणांची त्यांची छोटी कंपनी होती. मुलांसाठी टॅबलेट बनवून शाळांना विकायचे. ऊसतोड कामगारांच्या मुलांचे वर्ग भरतात तिथंही त्यांचे टॅबलेट जात. ती मुलं तर फडातच राहतात, उसाला पाठ लावून झोपतात.

“तुमचा खेळ आम्हाला त्यात घालायचाय,” तो म्हणाला. “पण आम्ही टॅबलेट विकतो, आणि तुमचं लायसन नाही म्हणतंय. म्हणून विचारतो.”

न विचारता घातला असता तर मला कळलंही नसतं. त्यानं विचारलं, आणि उत्तर देणं माझ्यावर आलं. कोड माझा होता, तो मी कसाही देऊ शकत होतो. पण चित्रांचा हक्क मॅडमचा. त्या गेल्यावर तो त्यांच्या आईकडं आला होता.

मी मोटरसायकल काढली आणि शिनोलीला गेलो. मावशी अंगणात वाल निवडत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या.

“बसा, सर. च्या टाकते.”

“मावशी, आधी एक विचारायचंय.”

मी लायसन, टॅबलेट, फडातली मुलं, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. मॅडमची अट काय होती तेही सांगितलं. माझं मत काय होतं तेही लपवलं नाही. त्यांचे हात वालात चालूच होते.

“म्हंजी त्यो मानूस हे इकनार?”

“टॅबलेट विकणार. खेळ त्याच्या आत असणार.”

“आन् लेकरांना पैसं पडत्यात?”

“नाही. शाळा विकत घेते.”

मावशींनी वालातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, “हाळी माझी हाय ना त्यात? का ती बी तिचीच झाली?”

“हाक तुमची. आवाज तुमचा.”

“मग ती द्या. जिथं लेकरू आसंल तिथं जाऊ द्या, इकून जावो का फुकाट जावो. पर चित्रं न्हाई द्यायची.”

“मावशी, कायद्यानं आता चित्रं पण तुमचीच आहेत. तुम्ही हो म्हणालात तर—”

“कागदावर आसत्याल माझी,” त्या म्हणाल्या. “हातानं तिनं काढल्यात. ती न्हाई म्हणली व्हती. आता ती न्हाई, तर मी कशी बदलू?”

मी चित्रांचा विषय सोडला. मग मी विचारलं, की आवाज दिला तर त्याखाली नाव घालावं लागेल, काय घालू? मावशींनी मान हलवली. “माझं नगं. तिचं नाव घाला, आन् फुडं आई लिवा.” आणि पदर डोळ्यांना लावून चहा ठेवायला आत गेल्या.

जुन्नरला येऊन मी खेळाचे तीन भाग वेगळे केले. कोड पूर्ण मोकळा. हाका मोकळ्या, फक्त खाली नाव हवं. चित्रं जुन्याच अटीवर. टॅबलेटवाल्या माणसाला कळवलं. तो हळहळला, पण त्यानं भांडण केलं नाही. त्यानं दुसऱ्या चित्रकाराकडून सगळी चित्रं नव्यानं करून घेतली.

तो टॅबलेट मी पहिल्यांदा पाहिला आणे गावात. पठारावरच्या तिथल्या शाळेत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी गेलो होतो. एका वर्गात मुलं घोळका करून बसली होती. पडद्यावरचा ऊस हिरवागार, एकसारखा, ओळीत लावल्यासारखा. वाघ पिवळाधमक. माझ्या मनात आलं, मॅडमनी हे बघितलं असतं तर खोडरबर मागितलं असतं.

मग हाक आली. “ये रं बाळा, घरला ये! बोलत ये!”

आणि त्या वर्गातली सगळी मुलं एका आवाजात ओरडली, “ओऽऽ!”

पडद्यावर बोट ठेवलं तरी भागत होतं, पण ती तोंडानं ओ देत होती. त्या वर्गाच्या बाई हसत मला म्हणाल्या, “कितीही सांगा सर, गप्प खेळतच नाहीत. आता वाटंनं घरी जाताना पण हेच.” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. समोर उन्हानं तापलेलं पठार होतं, आतून पुन्हा पुन्हा ती हाक येत होती, आणि मला तिथं थांबवेना, निघवेना.

हे सांगायला मी शिनोलीला गेलो. मावशींनी एकच विचारलं, “लेकरं वो देत्यात?”

“देतात. मोठ्यानं.”

त्यांनी मान डोलवली. ऐकवा असं मात्र म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून कोडच्या कितीतरी प्रती झाल्यात. कुणी त्यात हत्ती घातलाय, कुणी रेल्वेचं फाटक. त्यातल्या काही विकल्या जातात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मॅडमच्या चित्रांचं फोल्डर मात्र क्वचितच कुणी उघडतं. कधीतरी एखादा निरोप येतो, चित्रं सुंदर आहेत, वापरायला द्याल का? फुकट वाटणार असाल तर घ्या, असं मी कळवतो. बहुतेकांचं पुढं उत्तर येत नाही.

माझ्या म्हणण्याप्रमाणं झालं असतं तर फडातल्या मुलांनी वारा लागलेला ऊस बघितला असता. हे मला अजूनही लागतं. पण त्या अटीची ओळ पुसायला मी कधी बसलो नाही, आणि बसणार नाही.